राजाच्या झाडाखालचं घर

आमच्या घरावर झुकलेलं पाइनचं झाड आमचं नव्हतं. त्याच्या मुळांखालची जमीन आमची, त्याच्या सावलीतली विहीर आमची, त्याच्या काड्या साचून गळायचं ते छप्परही आमचंच. झाड तेवढं राजाचं.

माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा झाड सरळसोट उभं होतं. उत्तरेचा वारा अडेल म्हणून त्यांनी मुद्दाम त्याच्या आडोशाला घर घातलं. ते वारल्यानंतर सरकारी माणसं आली, बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजला आणि कुऱ्हाडीचे तीन घाव घालून निघून गेली. ते तीन घाव म्हणजे राजाचा बाण. मला तो कावळ्याचा पाय वाटायचा, पण असं बोलायची सोय नव्हती. बाण उमटला की झाड समुद्रापलीकडच्या इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचं, त्याची जहाजाला डोलकाठी व्हायची. आणि बाण नसला तरी फूटभर जाडीच्या वरचं कुठलंही पाइन कायद्याने राजाचंच, मग ते तुमच्या परसात का उगवेना.

आता न्यू हॅम्पशरच्या जंगलात राहायचं आणि पाइनला हात लावायचा नाही, हे कुणाला जमणार? सगळे चोरून तोडायचे. नदीवरच्या करवतीवर ओंडका न्यायचा, रुंद फळी निघाली की ती मधोमध चिरायची, म्हणजे झाड केवढं होतं ते कुणाला कळायला नको. आमच्या खोऱ्यात एकाही घरात रुंद फळी दिसायची नाही. प्रार्थनाघराची जमीनसुद्धा तसल्याच चिरलेल्या फळ्यांची, आणि तिच्यावर गुडघे टेकून आम्ही पापांची क्षमा मागायचो. दुसरीकडचे लोक दारू लपवतात, आम्ही फळीची रुंदी लपवायचो.

फक्त आमचा जोथम, माझा नवरा, तसलं काही करायचा नाही. आमच्या घरात ओकच्या वेड्यावाकड्या फळ्या होत्या, भांडं ठेवलं की डुगडुगायचं. "कायदा म्हणजे कायदा, केझाया," एवढंच तो मला ऐकवायचा. चिडून नाही, अगदी शांतपणे, त्यामुळे मला जास्तच राग यायचा. शेजारचा इलिफलेट त्याला तोंडावर राजाचा जावई म्हणायचा. "काय जावईबापू, सासरहून काही आलं का यंदा?" जोथम हसून सोडून द्यायचा.

त्याचा हा गुण आईकडून आलेला. सासूबाईंचं नाव मेहिटाबेल, आणि राजावर त्यांचा इतका जीव की राजा त्यांच्याच मांडीवर वाढला असावा असं वाटे. झाडावर बाण उमटला त्या दिवशी त्यांनी साऱ्या वस्तीला सफरचंदाचं सायडर पाजलं. "अगं, आपलं झाड समुद्र बघणार!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. संध्याकाळी पेला उचलून "राजाला उदंड आयुष्य" म्हटल्याशिवाय त्या पहिला घोट घ्यायच्या नाहीत.

पण झाडाला न्यायला कुणी आलं नाही. वर्षं गेली. एका वादळात ते दक्षिणेला, म्हणजे आमच्या घराकडे कललं. पुढच्या वादळात आणखी कललं. मुळाशी मुंग्यांनी पिवळा भुसा काढायला सुरुवात केली, सुतारपक्षी दिवसभर ठकठक करू लागले. वारा सुटला की वरून असा करकर आवाज यायचा, की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. झाड पडलं असतं तर घरावरच पडलं असतं, दुसरीकडे पडायला त्याला जागाच नव्हती.

जोथम दरवेळी टोपी काढून डेप्युटी विल्मॉटकडे जायचा. हा विल्मॉट जंगलाच्या सरकारी मोजणीदाराच्या हाताखालचा माणूस. वाईट नव्हता, हेच वाईट होतं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं तरी झालो असतो. एकदा मी जोथमबरोबर गेले होते.

"साहेब, झाड आतून पोकळ झालंय," जोथम म्हणाला. "त्याची डोलकाठी कुठून होणार? मला पाडायची परवानगी द्या. लाकूडसुद्धा नको मला."

"मोजणीत ते निरोगी ठरलंय, जोथम."

"तेव्हा होतं. आता गिरमिटाने एक भोक पाडून बघूया. भुसा निघाला तर तुमची खात्री पटेल."

"राजाच्या झाडाला भोक? ते नुकसान धरलं जाईल."

"मग टेकू लावू का?"

विल्मॉटने विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. "टेकू लाव. पण खिळा मारू नकोस हं."

वाटेत मी जोथमला म्हटलं, "पोकळ आहे हे दाखवायला भोक पाडायचं नाही, आणि भोक पाडलं नाही तर पोकळ आहे हे मानायचं नाही. वा रे न्याय! मग आपण मरून दाखवायचं का?"

"त्यांचेही हात बांधलेत, केझाया."

"बांधलेत ना? मग त्या हातांनी आपल्याला कशाला बांधतात?"

घरी येऊन जोथमने ओकचा टेकू लावला. खिळा मारला नाही.

त्या वर्षी सफरचंदं पिळायच्या दिवसांत सासूबाई चोथ्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्याने फळ्या बांधून हाड बसवलं आणि बजावलं, "बाईंना वसंतापर्यंत हलवायचं नाही. गाडीत घालाल तर हाड पुन्हा सुटेल, आणि मग मला बोलावू नका, पाद्रीबोवांना बोलावा." सगळ्यात जवळचं घर इलिफलेटचं, तेही दगडधोंड्यांच्या वाटेने दोन कोस. म्हणजे सासूबाई आता खाटेवरून हलणार नव्हत्या आणि खाट बरोबर झाडाच्या रोखात. उताण्या पडून त्या दिवसभर वरचा आवाज ऐकायच्या. आधी म्हणायच्या, "वारा आहे." मग नुसतंच माझ्याकडे बघू लागल्या. हिवाळ्यातली वादळं तोंडावर आली होती, आणि मला झोपेत त्यांच्या हाडांचा चुरा दिसायचा. आमची भांडणं कमी होत नसत, पण माझं बाळ गेलं तेव्हा याच बाईने मला लहान लेकरासारखं भरवलं होतं. तिला असं चेचून मरू द्यायचं माझ्या मनात नव्हतं.

इलिफलेट एकदा बैल घेऊन आला असताना म्हणाला, "जावईबापू, झाड हलत नाही ना? मग घर हलवा."

तो थट्टेने म्हणाला असेल, पण जोथमचे डोळे चमकले. आमच्याकडे घर हलवतात. घराखाली दोन लांब ओंडके सरकवायचे, तुळयांना खाचा पाडून खुंट्यांनी जखडायचे, पुढे बैल जुंपायचे आणि बर्फावरून घसरगाडीसारखं घर ओढत न्यायचं. आतली माणसं आतच राहतात. माझ्या मावशीने तर घर चालतं असताना घेवड्याचं मडकं निखाऱ्यांवर शिजवलं होतं. हाडवैद्यालाही हे पटलं. बर्फावरून घर सरकतं तेव्हा पेल्यातलं दूधसुद्धा डुचमळत नाही. सासूबाईंना हलवायचं नव्हतं, पण सासूबाईंसकट घर हलवायला काय हरकत होती?

विहिरीच्या खाली मोकळ्या रानात जोथमने नवं तळघर खणलं. पहिला बर्फ पडल्यावर आम्ही चिमणी उतरवली, कारण दगडी चिमणीसकट घर निघत नाही. जुनेच दगड तिकडे नेऊन लावायचे होते, एका दिवसाचा प्रश्न होता. सासूबाईंच्या खाटेभोवती मी तापलेले दगड फडक्यांत बांधून ठेवले. ओंडके म्हणून जोथमने आमच्या रानात दोन वर्षांपूर्वी वादळाने पाडलेली दोन पाइनची झाडं घेतली. त्याने तोडली नव्हती, वाऱ्याने पाडलेली होती, म्हणून त्याच्या मनाला टोचणी नव्हती.

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण आदल्या आठवड्यात तो विल्मॉटला आमंत्रण देऊन आला. हे मला घर उचलायच्या दिवशी सकाळी कळलं.

"कशाला?" मी ओरडलेच.

"अगं, राजाच्या झाडाला धक्का लागू नये म्हणून आपण घर हलवतोय. त्यांना बरं वाटेल. उद्या कुणी काही म्हणायला नको."

बरं वाटेल म्हणे! चोर असता तर ही चूक त्याच्या हातून झाली नसती. ती करायला सरळच माणूस लागतो.

बारा बैलजोड्या आल्या, खोऱ्यातले सगळे पुरुष आले, रमचं पिंप उघडलं. इलिफलेटने पुढच्या जोडीला आरोळी दिली आणि घर निघालं. सासूबाई आतून ओरडत होत्या, "अरे, मला खिडकीतून बघू द्या की! जन्मात पहिल्यांदा घरात बसून गावाला निघालेय!" एका बाजूला ओढ्याचा कडा, दुसरीकडे खडक, म्हणून घर सरळ दक्षिणेला, झाडाच्या झुकावाखालूनच न्यायचं होतं. ते आपल्या लांबीइतकं सरकलं असेल, तेवढ्यात विल्मॉट घोड्यावरून आला.

जोथमने त्याला वाकून नमस्कार केला आणि घेवड्याची थाळी दिली. विल्मॉटने उभ्याउभ्या खाल्लं, छान झालंय म्हणाला, आणि मग त्याची नजर ओंडक्यांवर गेली. थाळी माझ्या हातात देऊन त्याने खिशातून मोजपट्टी काढली.

"हे पाइन आहे."

"वाऱ्याने पडलेलं, साहेब," जोथम म्हणाला.

"फुटापेक्षा जाड आहे. उभं असो की आडवं, राजाचंच." त्याचा चेहरा पडला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. "जोथम, तू मला बोलावलं नसतंस तर मी आलो नसतो. आता एवढ्या लोकांनी मला हे बघताना पाहिलंय. मी डोळेझाक केली तर उद्या माझी भाकरी जाईल."

त्याने कमरेची लहान कुऱ्हाड काढली आणि आमच्या घराखालच्या दोन्ही ओंडक्यांवर तीन-तीन घाव घातले. कावळ्याचे पाय.

"वसंतात कोर्ट बसेल. तोवर हे ओंडके जागचे हलता कामा नयेत."

"पण साहेब, त्यांच्यावर घर आहे! आत माझी आई आहे!"

"घर मी जप्त केलेलं नाही. घर तू खुशाल ने."

इलिफलेट मोठ्याने हसला. बाकी कुणीच हसलं नाही. घर न्यायचं तर ओंडक्यांवरून, आणि ओंडके हलवायचे नाहीत. उचलून दुसऱ्या ओंडक्यांवर ठेवायचं तर आधी खुंट्या फोडायच्या, म्हणजे पुन्हा राजाच्या लाकडाचं नुकसान. विल्मॉट गेला आणि थोड्या वेळाने बैलही गेले.

पुढचे दिवस आम्ही असे काढले. चिमणी नाही, चूल नाही. बाहेर शेकोटी पेटवून मी दगड तापवायची आणि परकरात घालून आत न्यायची, ते गार होईपर्यंत दुसरे. छपराला चिमणीच्या जागी भोक, त्यावर घोंगड्या बांधलेल्या, आणि घोंगड्यांच्या फटीतून थेट ते झाड दिसायचं. आधी निदान दगडी चिमणी मध्ये होती, घाव तिने झेलला असता. आता तेही नाही. ओंडके चिखलात रुतले आणि चिखल गोठायला लागला. फांद्यांवर बर्फ चढला की झाड आणखी वाकायचं, करकरायचं, मग बर्फाचा ढीग धपकन छपरावर यायचा आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरायचो. सासूबाईंना खोकला लागला. खोकल्या की खुबा हलायचा आणि त्या ओठ चावायच्या.

जोथम पोर्ट्समाउथला गेला, विल्मॉटच्या वरच्या मोठ्या साहेबाला भेटायला. परत आला तेव्हा त्याच्या दाढीत बर्फ होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"भेटले?"

"ते परगावी आहेत. कारकून भेटला. म्हणाला, ओंडके सोडायचे तर लंडनला विचारावं लागेल. अर्ज जहाजाने जाईल. उत्तर उन्हाळ्यात येईल, आलं तर."

"उन्हाळ्यात! तोवर आपण काय करायचं, हे नाही विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, धीर धरा." तो खाटेच्या कडेला बसला. "केझाया, हा कायदा जिथे झाला, त्या पार्लमेंटात आपल्यातलं कोण बसतं गं?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"तुला आज कळलं? इलिफलेट घसा फोडून तेच सांगतो गेली पाच वर्षं."

"तो दारू पिऊन सांगायचा," जोथम म्हणाला. "मला वाटायचं, तिथे कुणीतरी असेल. आपलं म्हणणं सांगणारं. ऐकून मग नाही म्हणत असतील, असं वाटायचं मला."

मी नेहमी त्याला टोचून बोलते. त्या वेळी मी त्याच्या दाढीतला बर्फ झाडला. इतकी वर्षं हा माणूस कुणाच्या तरी समोर टोपी काढून उभा होता, आणि समोर कुणी नव्हतंच.

संध्याकाळी मी सासूबाईंना सायडर दिलं. कोमट केलं होतं, खोकल्यासाठी. त्यांनी पेला हातात घेतला, नेहमीसारखा उचलला, आणि तसाच धरून ठेवला. वर झाड करकरलं.

"आज राजाला नको," त्या म्हणाल्या. "आज मलाच उदंड आयुष्य." आणि त्या प्यायल्या.

जोथमने मान वर केली.

"ये रे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "झाड राजाचं, बरोबर?"

"हो, आई."

"ओंडके राजाचे?"

"हो."

"मग मी कुणाची?"

"असं काय विचारतेस? माझी."

"मग राजाच्या वस्तू एवढ्या जिवापाड सांभाळतोयस, तुझी कधी सांभाळणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जोथमने सहन केला असता. तो उठून बाहेर गेला आणि शेकोटीजवळ उभा राहिला. मी दगड घ्यायला गेले तेव्हा तो रडत होता. मीही रडले, आणि दगड घेऊन आत आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो इलिफलेटकडे गेला. दुपारी बैल आले. माणसं आली ती तोंडाला काजळी फासून. आमच्याकडे असल्या कामाला तशीच येतात, म्हणजे उद्या कोर्टात शपथेवर सांगता येतं की कुणाला ओळखलं नाही. अर्थात इलिफलेटचा पुढचा दात पडलेला आहे, आणि बैलांना कुणी काजळी लावत नाही. त्याने कढईच्या बुडाची काजळी तळहातावर घेऊन जोथमपुढे धरली.

"घे जावईबापू, फास. तुझंच घर आहे, पण फास."

जोथमने त्याचा हात बाजूला केला. "घर माझं, आई माझी. मग तोंड दुसऱ्याचं कशाला?"

"अरे, तुरुंगात जाशील!"

"जाईन की."

वारा सुटला होता. ओंडके गोठलेल्या चिखलातून सुटेनात. पुरुषांनी पहारी घातल्या, मी उकळतं पाणी ओतलं, बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. झाड डोक्यावर असं वाजत होतं की इलिफलेटच्या आरोळ्या ऐकू येईनात. मी आत धावले आणि सासूबाईंच्या अंगावर ओणवी झाले. झाड पडलं असतं तर माझ्या पाठीने काय अडणार होतं? पण दुसरं काही सुचलं नाही.

"ऊठ गं, गुदमरतेय मी," त्या म्हणाल्या, आणि मला सोडलं मात्र नाही.

मग खालून कडाड असा आवाज झाला, आणि घर हललं. खिडकीतून खडक मागे जाताना दिसला, मग विहीर, मग शेकोटी. घर थांबलं तेव्हा वर नुसतं आभाळ होतं. मी बाहेर आले तर जोथम बर्फात खाली बसला होता आणि काळ्या तोंडाचे सगळे त्याच्याभोवती उभे होते.

चिमणी उभी राहिली, चूल पेटली, सासूबाईंचा खोकला उतरला. विल्मॉट शेरीफला घेऊन आला तेव्हा जोथम दारातच उभा होता, टोपी डोक्यावर ठेवून. शेरीफने मला विचारलं, "बाकीचे कोण होते?"

"काळ्या तोंडाचे होते, साहेब. आमच्या ओळखीतले सगळे गोरे आहेत."

जोथम एक्सिटरच्या तुरुंगात राहिला तो बर्फ वितळेपर्यंत. दंड भरायला आम्ही दोन गाई विकल्या. आणि झाड? झाड तसंच उभं होतं. तो सगळा हिवाळा एकामागून एक वादळं आली, खोऱ्यातली तीन छपरं उडाली, पण ते मेलं झाड पडलं नाही. मी रोज सकाळी उठून बघायची आणि माझ्या अंगाची लाही व्हायची. विल्मॉट एकदा वाटेने जाताना थांबला आणि म्हणाला, "बाई, झाड तर उभं आहे. थोडा धीर धरला असतात तर?" मी त्याच्या तोंडावर धुण्याचं पाणी फेकायची राहिले, ते केवळ सासूबाईंनी हाक मारली म्हणून.

मार्चमध्ये जोथम आला. बारीक झाला होता. सासूबाई काठी टेकत दारापर्यंत गेल्या, ते बघून हसला. भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"कुठे?" मी विचारलं.

त्याने झाडाकडे बोट केलं.

"आता कशाला? घर सुटलं ना त्यातून. आता पडलं तरी कुणाला लागत नाही."

"माहितीये."

"पुन्हा तुरुंग! या वेळी जमीनसुद्धा घेतील!"

"हेही माहितीये."

"मग?"

"आमच्या जमिनीवर उगवलंय ते, केझाया," तो म्हणाला, आणि गेला.

एवढंच. मी सासूबाईंकडे बघितलं, त्या आडवतील म्हणून. त्या काठीवर भार देऊन उभ्या होत्या. "धार लावलीय का विचार त्याला," त्या म्हणाल्या.

भर दुपारी, रस्त्यावरून दिसेल असं त्याने झाड पाडलं. ते जिथे पडलं तिथे आमचं जुनं तळघर होतं. धुरळा बसल्यावर मी बुंध्याजवळ गेले. जोथम गुडघ्यांवर बसून कापलेल्या जागेवर हात फिरवत होता. मुंग्यांनी साल आणि एका अंगाची थोडी कड खाल्ली होती. आतला गाभा पिवळाधमक, घट्ट, एकसंध. पोकळ नव्हतं. विल्मॉटचं बरोबर होतं.

मला वाटलं, आता हा खचणार.

"चांगलं होतं झाड," जोथम म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्याला मनापासून हसताना पाहिलं.

करवतीवाल्याने सवयीने विचारलं, "मधोमध चिरू ना?" जोथम नको म्हणाला. एवढी रुंद फळी त्या करवतीने पहिल्यांदाच अख्खी पाहिली असेल. तिचं त्याने दार केलं. एकाच फळीचं, रस्त्याकडे तोंड करून. चौकटीत मावेना, तेव्हा त्याने फळी नाही तासली, चौकट वाढवली. खोऱ्यातले लोक येऊन वितींनी मोजून जायचे आणि आवाज खाली आणून बोलायचे.

इलिफलेटही आला. राजाला शिव्या देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण दार बघून त्याचा चेहरा उतरला. "जोथम, मधोमध एक काळी रेघ तरी ओढ. लांबून दोन फळ्या वाटतील. मी ओढून देतो, हवं तर."

"रेघ नाही ओढायची," जोथम म्हणाला.

इलिफलेटने त्यानंतर त्याला जावईबापू म्हटलं नाही.

मला भीती वाटत होती, वाटते. आम्ही सुटलो असं मी कुणाला सांगणार नाही. झाडाखालून निघालो आणि त्या दारामागे येऊन बसलो. आता परतीची वाट नव्हती, पोर्ट्समाउथला जाणं नव्हतं, टोपी काढून माफी मागणं नव्हतं.

एप्रिलच्या एका उघड्या सकाळी वाटेवर घोड्यांच्या टापा वाजल्या. एक घोडा नव्हता, पुष्कळ होते. पुढे विल्मॉट. दार उन्हासाठी सताड उघडं होतं, आतल्या भिंतीला टेकलेलं, आणि तसं असताना रस्त्यावरून त्याची रुंदी दिसत नाही. जोथम चुलीपाशी उभा राहिला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत वाळला घेवडा निवडत होत्या.

"केझाया," त्या मान वर न करता म्हणाल्या, "दार लाव. नीट दिसू दे त्यांना."

मी दार लावलं. कडी मात्र घातली नाही.